पासष्ट कॅप्टन: विमानाच्या क्रूचा एक तास नेमका कितीला पडतो?

४ डिसेंबर २०२५, गुरुवार. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर विमाने होती, प्रवासी होते, तिकिटांचे पैसे कधीच जमा झालेले होते. नव्हती ती विमान उडवणारी माणसे. इंडिगोची विमाने क्रूची वाट बघत जागच्या जागी उभी राहिली आणि विमानतळावरचे बहुतेक पार्किंग बे त्यांनीच अडवले. परिणामी ज्या कंपन्यांचा क्रू वेळेवर हजर होता, त्यांच्या विमानांनाही उतरल्यावर उभे राहायला जागा मिळेना. दुसऱ्या दिवशी देशभरात इंडिगोची हजाराहून जास्त उड्डाणे रद्द झाली. एरवी ही कंपनी दिवसाला बावीसशेच्या वर उड्डाणे करते.

या घटनेवर प्रवाशांच्या हालांच्या अंगाने भरपूर लिहिले गेले. मला त्यातला परिव्यय लेखापालाचा (कॉस्ट अकाउंटंटचा) प्रश्न जास्त छळतो: क्रूच्या एका तासाची किंमत या कंपनीने किती धरली होती? कारण ती बरोबर धरली असती, तर विमान बेवर उभे ठेवणे परवडत नाही हे आधीच दिसले असते.

सोपा भागाकार आणि त्यातली गफलत

विमान व्यवसायातला तास म्हणजे ब्लॉक तास. चाकांखालचे ठोकळे काढून विमान हलले की घड्याळ सुरू, पोचल्यावर ठोकळे परत लावले की बंद. वैमानिकाचा उड्डाण भत्ता बहुतेक ठिकाणी याच तासावर ठरतो. म्हणून कुणीही आधी हाच भागाकार करतो: क्रूवरचा वर्षाचा खर्च भागिले वर्षाचे ब्लॉक तास.

आकडे गोल घेऊ. ते माझे, केवळ समजण्यापुरते आहेत. कोणत्याही कंपनीचे नाहीत. समजा एक कॅप्टन सगळे मिळून कंपनीला वर्षाला १ कोटीला पडतो आणि फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, ४० लाखांना. कॉकपिटमधली जोडी झाली १ कोटी ४० लाखांची. भारतात वैमानिकाला वर्षाला जास्तीत जास्त १,००० तास उडता येते. भागाकार केला की ताशी १४,००० रुपये. सादरीकरणात हा आकडा फार गोड दिसतो.

पण १,००० ही कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे. वर्षातून रजा, साप्ताहिक विश्रांती, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवरची परीक्षा, वैद्यकीय तपासणी, जमिनीवरचे वर्ग, स्टँडबाय आणि डेडहेड एवढे सगळे वजा होते. स्टँडबाय म्हणजे गरज पडली तर यायला तयार राहणे. डेडहेड म्हणजे वैमानिक गणवेशात, पण प्रवाशाच्या खुर्चीत बसून दुसऱ्या गावाला चालला आहे, कारण तिथे विमान आहे आणि वैमानिक नाही. हे सगळे वजा करून आपली जोडी वर्षात ७०० तास उडली, तर तोच तास २०,००० रुपयांना पडतो. पगारात रुपयाचाही फरक नाही. फरक फक्त कशाने भागायचे याचा.

एसटीच्या डेपोत ज्याने काम केले असेल, त्याला हे सांगायची गरज नाही. मुक्कामी गाडीचा चालक रात्री गावात झोपतो, तेव्हा गाडी एक किलोमीटरही धावत नसते, पण त्या मुक्कामाचा खर्च सकाळच्या तिकिटांतूनच निघावा लागतो. विमानाचा लेओव्हर म्हणजे हाच मुक्काम, फक्त शाळेच्या ओसरीऐवजी हॉटेल आणि दारात न्यायला-आणायला गाडी. केबिन क्रूचेही तसेच. दर ५० आसनांमागे एक, या नियमाने १८६ आसनांच्या ए३२० मध्ये चौघे लागतात. त्यातला एक आजारी पडला आणि बदली मिळाला नाही, की कॉकपिटमधली महागडी जोडी पूर्ण तंदुरुस्त असूनही भरलेले विमान जागेवरच.

न उडलेल्या तासाचे पैसे कोणी सोसायचे, यावरच विमान कंपन्या आणि वैमानिक यांची खरी घासाघीस चालते. एअर इंडियाने एप्रिल २०२३ मध्ये नवी वेतनरचना आणली, तेव्हा भांडण मूळ पगारापेक्षा हमीच्या तासांवर जास्त पेटले. कोविडपूर्वी महिन्याला ७० तासांच्या भत्त्याची हमी होती, उड्डाण कमी मिळाले तरी. नव्या रचनेत ती ४० तासांची झाली. दीड हजारांवर वैमानिकांनी रतन टाटांना सह्यांचे निवेदन पाठवले. बाहेरच्याला वाटते, काम न करता पैसे मागतात. पण रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचे वेळापत्रक, वैमानिक बनवत नाही, कंपनी बनवते. सेक्टर, म्हणजे एक उड्डाण, मिळाला नाही तर त्याचा भुर्दंड कोणाच्या खिशातून, असा तो साधा प्रश्न होता. अमेरिकेतल्या करारांत यावर जुनी तोड आहे. ड्युटीच्या दर दोन तासांमागे किमान एक तास मोजायचा, घरापासून दूर काढलेल्या दर साडेतीन-चार तासांमागे एक तास मोजायचा, आणि प्रत्यक्ष उड्डाणाचे तास यांपेक्षा कमी भरले तरी हेच धरायचे. वैमानिकाला विमानतळावर ताटकळत ठेवायचे तर कंपनीला ते फुकटात ठेवता येत नाही, आणि म्हणून ती ठेवतही नाही.

नियम बदलला, दिवस लहान झाला

जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे सुधारित नियम जाहीर केले. कारण थकवा. साप्ताहिक विश्रांती सलग ३६ तासांवरून ४८ तासांची झाली. रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत ताणली. रात्रीच्या ड्युटीत पूर्वी सहापर्यंत लँडिंग चालायची, ती दोनवर आली. १ जून २०२४ पासून हे लागू व्हायचे होते. कंपन्यांनी कुरकुर केली, तारीख पुढे गेली, वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि अखेर दोन टप्पे ठरले: १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५. रात्रीचे जाचक कलम दुसऱ्या टप्प्यात होते.

विश्रांतीचे १२ तास वाढले म्हणजे कागदावर माणशी वर्षाला ५२ गुणिले १२, म्हणजे ६२४ तास. दिवसांत २६. जिथे आधीपासून जास्त विश्रांती दिली जात होती तिथे फरक कमी पडला. जिथे ३६ म्हणजे ३६ असा कोरडा हिशेब होता, तिथे प्रत्येक वैमानिकामागे जवळपास महिनाभर हातातून गेला.

लँडिंगच्या नियमाचा फटका मात्र सरासरीत दिसत नाही, म्हणून एक रात्र मांडून बघू. वेळा माझ्या कल्पनेतल्या आहेत, मार्ग ओळखीचे. जोडी मुंबईत रात्री १० वाजता हजर होते. ११ला मुंबईहून निघून १२:३५ला नागपूर. १:१५ला परत निघून २:५०ला मुंबई. ३:४०ला निघून ५ वाजता गोव्यातले मोपा. ५:४०ला निघून ७ वाजता मुंबई, आणि घरी. चार सेक्टर, ५ तास ५० मिनिटे ब्लॉक, नऊ तासांची ड्युटी. जुन्या नियमात एक जोडी हे सगळे उरकायची. वर्षाला २०० ड्युटीचे दिवस धरले तर आपली जोडी दिवसाला ७०,००० रुपयांना पडते. त्या रात्रीचा तास झाला १२,००० रुपयांचा, म्हणजे वार्षिक सरासरीपेक्षाही स्वस्त. रात्रीची विमाने कंपन्यांना इतकी प्रिय का, ते इथे कळते. विमान एरवी उभेच राहिले असते, आणि क्रूचा तास दिवसापेक्षा कमी भावात मिळतो.

नव्या नियमात पहिली जोडी नागपूर करून मुंबईत थांबते. तिची दोन लँडिंग संपली. मोप्याला दुसरी जोडी लागते. तेच विमान, तेच प्रवासी, तेच ५ तास ५० मिनिटे. क्रूचा खर्च १,४०,०००. तासाचा दर २४,०००. रोस्टर करणारे इतके भोळे नसतात, आधीच्या-नंतरच्या दिवसांत जोडाजोड करून ते यातले काही परत मिळवतात. फरक पूर्ण दुप्पट राहत नाही. पण नाहीसाही होत नाही, आणि मुख्य म्हणजे दुसरी जोडी पैशांत नव्हे, माणसांत लागते.

इथेच सरासरीने काढलेला ताशी खर्च माणसाला फसवतो. "खर्च १० टक्क्यांनी वाढेल" हे वाक्य अर्थसंकल्पात बसवता येते. "पहाटे पावणेतीनला मुंबईत एक जादा कॅप्टन लागेल" हे वाक्य बसत नाही, कारण कॅप्टन बाजारातून आणता येत नाही. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे दुसऱ्या कंपनीतल्या कॅप्टनला नोकरी सोडायला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची. स्वतःचा फर्स्ट ऑफिसर कॅप्टन करायचा तर अनुभवाचे तास, प्रशिक्षण, परीक्षा. नोव्हेंबर २०२५ साठीचा कॅप्टन २०२४ मध्येच शोधायला हवा होता. नियम तर जानेवारी २०२४ पासून सगळ्यांच्या टेबलावर होता.

आडातच नव्हते

डिसेंबरात जे आकडे बाहेर आले त्यांतला एक मी वहीत लिहून ठेवला आहे. नवे नियम पूर्ण लागू झाल्यावर इंडिगोच्या ए३२० ताफ्याला २,४२२ कॅप्टन लागत होते. होते २,३५७. तूट ६५. फर्स्ट ऑफिसर मात्र गरजेपेक्षा थोडे जास्तच होते: लागणार २,१५३, होते २,१९४.

पासष्ट. शेकडा तीनसुद्धा नाही. आणि वर हिवाळी वेळापत्रकात उड्डाणे आधीच्या हिवाळ्यापेक्षा साडेनऊ टक्क्यांहून जास्त वाढवून घेतलेली.

बोभाटा होण्याआधी महिनाभर पाणी गळायला लागले होते. नोव्हेंबरात कंपनीची १,२३२ उड्डाणे रद्द झाली. त्यांतली ७५५ क्रू आणि ड्युटीच्या मर्यादांमुळे. २८ नोव्हेंबरला एअरबसने ए३२० मालिकेच्या विमानांना सॉफ्टवेअर बदलायची तातडीची सूचना दिली. काम दोन दिवसांत आटोपले, पण तोवर विमाने उशिरा धावली. रात्री साडेअकराला उतरायचे विमान साडेबाराला उतरले की एरवी नुसता उशीर म्हणून नोंद होते. नव्या नियमात तेच लँडिंग रात्रीच्या खात्यात जमा होते आणि त्या वैमानिकाच्या दोनांपैकी एक संपते. मग पुढच्या सेक्टरला दुसरा माणूस, तो नसेल तर डेडहेडने आणलेला तिसरा, आणि तो ज्या विमानात बसून येणार तेही क्रूअभावी रखडलेले. स्टँडबाय भरपूर असते तर हे चक्र एका रात्रीत थांबले असते.

३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ना उशीर झाला, तीन लाखांहून जास्त लोक अडकले. नागपुरात ८ तारखेपासून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन. मुंबई-नागपूरच्या तिकिटांचे काय झाले असेल ते सांगायला नको. सरकारने भाड्यांना मर्यादा घातली, १,००० ते १,५०० किलोमीटरसाठी १५,००० रुपये. रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली आणि उड्डाणे १० टक्क्यांनी कमी करण्याचा आदेशही निघाला. थकवा टाळायला केलेला नियम ज्याने तयारी केली नाही त्यालाच सैल झाला, याचे वैमानिकांना वाईट वाटले. मलाही वाटले.

डीजीसीएने जानेवारी २०२६ मध्ये चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. त्यात क्रू, विमाने आणि जाळे यांचा वापर कमालीचा ताणण्यावर भर दिल्याने रोस्टरमधली राखीव फट खूपच कमी झाली होती, ड्युटी जास्तीत जास्त लांब आखल्या जात होत्या, आणि डेडहेड व ऐन वेळी विमान बदलणे यांवर भिस्त वाढली होती, असे नोंदवले आहे. दंड २२ कोटी २० लाख रुपये, शिवाय ५० कोटींची बँक हमी.

आता वजाबाकी करू. कंपनीने डिसेंबर तिमाहीच्या निकालात या गोंधळापोटी ५७७ कोटी २० लाख रुपयांचा अपवादात्मक खर्च दाखवला. (तिमाहीचा नफा २,४४९ कोटींवरून ५४९ कोटींवर आला, पण ते सगळे याच्याच माथी मारणे बरोबर नाही. नव्या कामगार संहितांपोटी वेगळे ९६९ कोटी होते आणि रुपयाही घसरला होता. पहिल्या आठवड्यातच परत केलेले ६१० कोटींचे तिकिटांचे पैसेही 'नुकसान' म्हणून मिरवले गेले. तो परतावा आहे. न उडालेल्या विमानाने इंधनही जाळलेले नसते.) माझ्या कल्पित दराने ६५ कॅप्टन वर्षाला ६५ कोटींना पडतात. ५७७ कोटींत ते जवळपास नऊ वर्षे पोसता आले असते. एकही सेक्टर न उडता, घरी बसवून.

हा हिशेब थोडा लबाड आहे, हे मान्य करतो. ६५ ही मुंडकी मोजून आलेली तूट. कॅप्टन दिल्लीला आणि तुटवडा मुंबईला असेल तर मोजणी बरोबर येऊनही विमान उभेच राहते. खऱ्या अर्थाने फट ठेवायची तर कदाचित २०० लागले असते. ठीक आहे, २०० धरा: वर्षाला २०० कोटी. तरीही एका तिमाहीतल्या घावाच्या सुमारे एक तृतीयांश.

मग कंपनीतल्या हुशार लोकांना हे दिसले कसे नाही? वैमानिकांच्या महासंघाने भरती गोठवल्याचा जाहीर आरोप केला, तो आपण बाजूला ठेवू. माझ्या मते दोष कोष्टकातच आहे. ताशी खर्चाच्या तक्त्यात स्टँडबायवरचा कॅप्टन छेदात शून्य घालतो आणि अंशात पूर्ण पगार. तो जितका कमी उडेल तितका तक्ता वाईट दिसतो. म्हणून वर्षानुवर्षे त्याला कापणाऱ्याचे कौतुक होते. तो ज्या दिवशी कामाला येतो, त्या दिवशी वाचलेले १८६ प्रवाशांचे विमान, त्याच्या मागची दोन विमाने आणि लोहगावचा एक बे यांचे पैसे मात्र कोणत्याच रकान्यात पडत नाहीत. न रद्द झालेल्या उड्डाणाची नोंद कोण ठेवतो? बैल उन्हाळ्यात उभा असला तरी वैरण खातोच, आणि त्या वैरणीवरून शेतकरी त्याला विकत नाही, कारण पेरणीच्या आठवड्यात बैल कितीला मिळतो हे त्याला ठाऊक असते.

माझ्या हातात कोष्टक दिले तर मी दोन रकाने करीन. पहिल्यात सरासरी: पगार, हमीचे तास, प्रशिक्षण, मुक्काम, डेडहेड, स्टँडबाय, सगळे प्रत्यक्ष ब्लॉक तासांनी भागून. तिकिटाचा दर आणि मार्गाचा नफा काढायला तो पुरेसा आहे. दुसऱ्यात शेवटच्या तासाची किंमत, आणि ती तळाप्रमाणे व वेळेप्रमाणे वेगळी: मुंबईत मंगळवारी दुपारी कॅप्टन मिळाला नाही तर काय बुडते, पहाटे पावणेतीनला मिळाला नाही तर काय बुडते. पहिला रकाना वर्षातून एकदा भरला तरी चालतो. दुसरा नियम बदलला की त्याच आठवड्यात भरायला हवा. भारतात २०२४ च्या जानेवारीत कोणी तो भरला असता, तर पहाटेच्या त्या चौकटीतला आकडा लाल शाईत आला असता.

१ जानेवारी २०२६ पासून इंडिगोने वैमानिकांचे भत्ते वाढवले. कॅप्टनचा डेडहेड भत्ता ३,००० वरून ४,००० रुपये, देशांतर्गत मुक्कामाचा २,००० वरून ३,०००. ऐन वेळी विमान बदलल्याबद्दल १,५०० रुपये, हे खाते नवेच. रात्रीच्या तासाला कॅप्टनला २,००० आणि फर्स्ट ऑफिसरला १,०००, तेही नवे. आपल्या नागपूर-मोपा रात्रीत मध्यरात्र ते सहा या वेळात प्रत्यक्ष उड्डाण ३ तास ५० मिनिटांचे होते. या दराने ते ११,५०० रुपये झाले. दोन जोड्यांच्या १,४०,००० मध्ये मिळवून पुन्हा ५ तास ५० मिनिटांनी भागले, की जुन्या नियमात १२,००० ला पडणारा तास सुमारे २६,००० ला पडतो.